वाघोबाच्या कुंडाचा बंदोबस्त

२ जून २००३
आजपासून मी वनसमितीचा अध्यक्ष. पहिलं काम, वाघोबाच्या देवराईतल्या कुंडाचं रक्षण. तिथले मासे देवाचे, वाडीतलं कुणी त्यांना हात लावत नाही. नव्या भाताची पहिली मूठ त्यांना घालतात. पण नुसत्या श्रद्धेवर काय होतं? सिस्टीम लागते. ऑगस्टात वनखात्याचे मोठे साहेब तपासणीला येणार. 'आदर्श समिती'चं प्रमाणपत्र कुठल्या भिंतीवर लावायचं ते ठरवून टाकलं.

९ जून
सात पाट्या रंगवल्या. पहिली मुरबाड रस्त्याच्या फाट्यावर: 'वाघोबा कुंड, ३ कि.मी. पर्यटकांनी जाऊ नये.' बाण ठळक काढलाय. कुठे जायचं नाही ते लोकांना नीट कळलं पाहिजे.

२२ जून, रविवार
चार गाड्या. सगळ्यांनी पाटी वाचली होती. सुशिक्षित लोक!

६ जुलै, रविवार
एकोणतीस गाड्या. कुंडभर शाम्पूचा फेस. आठवी पाटी लावली: 'साबण लावू नये.' तिच्यावर टॉवेल वाळत घातले. म्हणजे जागा मोक्याची आहे. डोकं दुखलं, लवकर घरी आलो.

१३ जुलै
मूळ सापडलं. वाडीवाल्यांची ये-जा! उद्यापासून त्यांना राईत बंदी. पर्यटकांना बंदी करून उपयोग नाही, ते ऐकत नाहीत. वाडीवाले ऐकतात.

२१ जुलै
भिमीआजीला पकडली. वाडीतली सगळ्यात म्हातारी, राईत कधी चप्पल न घालणारी. हंड्यात पाच मासे घेऊन निघाली होती. म्हणाली, अनंता, मासं तोंड वर काढून मराया लागलंत रे, थोडं माझ्या हिरीत ठेवते, पाणी निवळलं का आनून सोडते. मी पाटी वाचून दाखवली: 'कुंडातून काहीही नेऊ नये.' पाया पडली. नियम सर्वांना सारखा. मासे परत ओतायला लावले. अखेर एक कारवाई झाली! जेवण चांगलं गेलं.

१६ ऑगस्ट
कुंडाला वास. शेवाळ असणार.

१८ ऑगस्ट
साहेब आले. नाकाला रुमाल. मासे पोट वर करून तरंगत होते, सगळे. साहेबांनी विचारलं, राखलं काय तुम्ही? मी रजिस्टर पुढे केलं. कारवाई एक: भिमी, पाच मासे. साहेबांनी वाचलं, कुंडाकडे पाहिलं आणि जीपमध्ये जाऊन बसले. प्रमाणपत्राचं विचारायला तोंड नव्हतं.
मागे वळलो तर भिमीआजी तोच हंडा घेऊन उभी. म्हणाली, आता तरी नेऊ का रे?
अडवलं नाही. तिला सहा खेपा कराव्या लागल्या.