आप्पासोचं मूळ गाव

१४ जून १९४६
काल चावडीवर बेंदराची, बैलांच्या सणाची, बैठक झाली. यंदाही वेशीतून पहिला बैल आप्पासोचा. का, तर म्हणे ते मूळचे, आम्ही मागनं आलेले. म्हणजे माझा पाखऱ्या त्याच्या बैलाच्या शेपटीमागं! ठरवलं. आप्पासोच उपरा आहे हे प्रूफ करून त्याच चावडीवर त्याचं नाक कापायचं.

१८ जून
पिढ्या सांगणारा हेळवी नंदी घेऊन आला. पुरणपोळी घातली, वही मागून घेतली. मोडी मी माझा मीच शिकलोय. आप्पासोच्या पानावर सापडलं: मूळ ठिकाण मौजे खडकओहोळ. हेळवी म्हणाला, आवं तात्या, म्होरलं पानबी बघा की. म्हटलं, गरज न्हाई.

२२ जून
खडकओहोळ कुठल्याच मॅपवर नाही. दोन दिवस पाटणची बाजू पालथी घातली. पाय सुजले. शेवटी एक धनगर म्हातारा म्हणाला, ते गाव पटकीच्या साथीत उठलं, आता नुसतं गायरान, मारुतीचा चौथरा तेवढा हाय. चौथऱ्यावर डोकं टेकलं. डोळ्यांत पाणी का आलं कळेना. आप्पासोची जिरणार, त्या आनंदानं असेल.

४ जुलै
हेळव्याला चावडीवर बोलावलं. आप्पासोचं खडकओहोळचं पान वाचायला लावलं. मग हेळव्यानं म्होरलं पान उलटलं. तिथनं दोन सख्खे भाऊ आले. थोरल्याचं घर आप्पासोचं, धाकट्याचं माझं. लोक लय हसले. हसेनात का! पंच म्हणाले, भाऊबंद हायसा तर मान आलटून-पालटून, यंदा तात्यांचा. जिंकलो! भाऊबंद असल्याचं कबूल, असा कागद झाला. सगळ्यात मोठी सही माझी.

९ जुलै
पाखऱ्याची शिंगं रंगवली. मंडळीला सांगितलं, आप्पासोच्या दारापुढनं बैल दोनदा फिरवणार. ती म्हणाली, केस पिकले, पोरपण जाईना.

१० जुलै
आप्पासोची चुलती मनुबाई गेली. लहानपणी मला ताक-भाकरी घालायची. लय रडलो. आप्पासोनं खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, दहा दिवस सुतक, तुमच्याबी घरात. म्हटलं, आमी लांबचे. त्यानं खिशातनं तो कागद काढला.

१२ जुलै
बेंदूर. सुतकामुळं पाखऱ्या गोठ्यातच. पहिला बैल तिसऱ्याच घरच्या आकारामचा गेला. त्याच्या शिंगांना धड रंगसुद्धा नव्हता.

१९ जुलै
दहावा. नदीवर न्हावी वस्तरा लावून तयार. भाऊबंदांनी डोकं-मिशी द्यायची. चाळीस वर्षांची माझी मिशी. सगळे मागं सरले. आप्पासो म्हणाला, बसा तात्या, यंदा पहिला मान तुमचा.
बसलो.