उलटे एक्केचाळीस

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ७.१०
ऑपरेशन्स मॅनेजर म्हणून पहिला दिवस. सहाला उठून पळायला जायचं ठरवलं होतं. पळायचे बूट सापडले नाहीत. या घरात कुठल्याच वस्तूला ठरलेली जागा नाही. बघावं लागेल. तीन दिवसांच्या कोर्सची फाईल बॅगेत टाकली. सर्टिफिकेट फ्रेम करायला दिलंय.

दुपारी १२.४०
वर्कशॉप पाहिलं. काम सोपं आहे. शाळा, दुकानं, दवाखाने आपापले आग विझवायचे लाल सिलिंडर वर्षातून एकदा आमच्याकडे पाठवतात. आम्ही ते रिकामे करून तपासतो, पावडर भरतो, रंग देतो आणि परत करतो. ज्याचा त्यालाच मिळतो असं नाही. जो तयार असेल तो.
अंगणात १९० सिलिंडर रांगेत उभे. घोडं कुठे पेंड खातंय ते मला तीन मिनिटांत कळलं. टेस्टिंग. तिथे एकच माणूस, टकटककाका. तीस वर्षं हेच करतात. सिलिंडरमध्ये पाणी भरून दाब चढवायचा, मग बोटाच्या पेराने टकटक करून कान लावायचा. एकाला अठरा मिनिटं. दिवसाला सव्वीस होतात, येतात चाळीस. कोर्समध्ये याला बॉटलनेक म्हणतात. आमचा बॉटलनेक चष्मा लावतो आणि जेवणानंतर डुलकी काढतो.
मालकांना शब्द दिला. दोन आठवड्यांत रांग शून्य.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
सुरुवात घरापासून करावी. बाथरूमसमोर रोज रांग लागते. मी, बायको, चिमणी (वय चार). टोकन पद्धत सुरू केली. बायको टोकन न घेता आत गेली. वाणसामानही यापुढे लागेल तेव्हाच आणायचं, साठा शून्य. संध्याकाळी चहाला साखर नव्हती. सिस्टीम रुळायला वेळ लागतो.
वर्कशॉपमध्ये टेस्टिंगच्या पलीकडे एक रॅक दिसला. फळीला भोकं, आणि भोकांत तोंड खाली करून ठेवलेले सिलिंडर. मोजले. एक्केचाळीस. वर धूळ. टेस्टिंग होऊनही नुसते पडून! काका म्हणाले, उलट्यांना हात लावायचा नाही. का, ते विचारणार होतो, तेवढ्यात मालकांचा फोन आला. नंतर विचारेन.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
काकांना सांगितलं, यापुढे दहातला एकच तपासायचा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, त्या एकाच्या भरवशावर बाकीच्या नऊ घरांना काय सांगायचं. मी स्टॅटिस्टिक्स समजावलं. ते म्हणाले, आग ते बघून लागत नाही.
जुनी माणसं. बदलाला विरोध हा कोर्समध्ये स्वतंत्र धडा होता.
काकांची ९२ दिवसांची रजा साठलीय. साठलेली रजा हीसुद्धा इन्व्हेंटरीच, म्हणजे पडून राहिलेला साठा. त्यांना पंधरा दिवस बहिणीकडे पाठवलं. जाताना ते रॅकजवळ जरा वेळ उभे राहिले. बहुतेक सवय.

शनिवार, ८ फेब्रुवारी
दहातला एक मी स्वतः तपासणार होतो. आज मीटिंग होती. सोमवारी नक्की.
'तपासले'चं स्टिकर आता सिलिंडर आत येतानाच लावतो. शेवटी लावायला माणूस थांबवून ठेवावा लागायचा. जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी कळस मग पाया. तिला ऑपरेशन्समधलं काही कळत नाही. ती नर्सरीत शिकवते.

सोमवार, १० फेब्रुवारी
मालकांना गुरुवारपर्यंत ३१२ बाहेर काढायचा आकडा सांगितला होता, त्याला एक्केचाळीस कमी पडत होते. आणि समोर रॅकवर बरोब्बर एक्केचाळीस! याला योगायोग म्हणत नाहीत, नजर म्हणतात.
सगळे सुलटे करून घेतले. रंगवाल्या बाईंनी विचारलं, साहेब, उलटेसुद्धा? मी म्हणालो, हो. थोड्या वेळाने ब्रश हातात घेऊन केबिनपर्यंत आल्या आणि तेच विचारलं. मी म्हणालो, उलटं-सुलटं ही सवय झाली, सिस्टीम नव्हे. त्या ब्रश घेऊन परत गेल्या. पाचपर्यंत सगळे लालभडक, भरलेले, बाकीच्या मालात मिसळलेले. रजिस्टरमध्ये एकच ओळ लिहिली, '४१ नग'. नंबर उतरवले नाहीत. पंचवीस मिनिटं वाचली.
त्यातले दोन बायकोच्या नर्सरीला भेट दिले. मुलं दुपारी झोपतात त्या खोलीत माझ्या हाताने भिंतीवर लावले. चिमणीही तिथेच असते; तिने सिलिंडरवरून हात फिरवला. माझ्या बाबांचं आहे, असं तिने सगळ्यांना सांगितलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
अंगण रिकामं! चार दिवसांत ३१२ बाहेर. मालकांनी पाठ थोपटली. वीस तारखेला मोठ्या ग्राहकांसमोर माझं प्रेझेंटेशन आहे.
दुपारी बहिणीकडून काकांचा फोन. रॅक कसा आहे, विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, रिकामा.  त्यांनी विचारलं, भंगारात गेले ना?
नेटवर्क खराब आहे असं मी म्हणालो.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
रिकाम्या रॅकपाशी दोनदा जाऊन आलो. ऑडिट म्हणून. भंगार हा शब्द लोक सहजच वापरतात.

सोमवार, १७ फेब्रुवारी
काका रजा अर्धवट टाकून आले. ते एक्केचाळीस गेल्या चार वर्षांतले नापास आहेत. कुणाचा जोड पातळ झालाय, कुणाच्या व्हॉल्व्हमध्ये दाब टिकत नाही. घाईत कुणी मुठीला धरून उचलू नये म्हणून उलटे ठेवायचे. भंगारवाला मार्चमध्ये येणार होता.
मी विचारलं, मग पाटी का लावली नाही. ते म्हणाले, सगळ्यांना माहीत होतं.
सगळ्यांना म्हणजे माझ्याशिवाय सगळ्यांना. दोष सिस्टीमचा आहे.
त्यांनी नंबर मागितले. मी रजिस्टर दाखवलं. त्यांनी '४१ नग' या ओळीवर बोट ठेवलं आणि ते उचलेचनात. मग म्हणाले, तीनशे बाराही परत बोलवा. आज.
आज शक्य नाही. मालकांना काय सांगणार? वीस तारीख होऊ दे. टप्प्याटप्प्याने करू. नर्सरीतले दोन मात्र उद्याच काढून आणतो. ते कुठे आहेत हे तरी मला माहीत आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
परत मागवायच्या सिलिंडरांची यादी केली. प्राधान्यानुसार रंग दिले. नर्सरी सगळ्यात वर, लाल. रंग देण्यात दुपार गेली.
काका स्वतःच्या स्कूटरवरून दुकानोदुकानी फिरतायत. काही प्लॅन नाही, नुसते टकटक करत सुटलेत. दोन सापडले म्हणे.

बुधवार, १९ फेब्रुवारी. दुपारी १.१५
नर्सरीच्या फाटकापर्यंत गेलो. सिलिंडर काढायचे तर बायकोला कारण सांगावं लागेल. आणि ती एका उत्तरावर थांबत नाही. चिमणीची विसरलेली पाण्याची बाटली देऊन परत आलो.
कॅल्क्युलेटरवर हिशेब केला. नेमक्या त्याच खोलीत, नेमकी याच आठवड्यात आग लागायची शक्यता नगण्य आहे. तीनदा केला. तिन्ही वेळा नगण्य. चौथ्यांदा केला.
काकांना आणखी दोन सापडले. एकूण चार.
उद्या प्रेझेंटेशन झालं की थेट नर्सरी. नक्की.

गुरुवार, २० फेब्रुवारी. दुपारी २.३०
उत्तम चाललंय. चहाची सुट्टी आहे. 'शून्य रांग' या स्लाईडला टाळ्या पडल्या. फोन खिशात थरथरतोय. बायको. पाच वेळा. प्रेझेंटेशन चालू असताना फोन घेऊ नये, हा साधा शिष्टाचार आहे. आता करतो.

दुपारी ४.००
झोपायच्या खोलीत हीटरवर पडदा पडला. चौदा मुलं झोपलेली.
बायकोने पिन काढली, मूठ दाबली. फुस्स झालं आणि मूठभर पावडर पायाशी पडली. दुसरा घेतला. तेच.
तिने पेटता पडदा हाताने ओढून काढला. आयाबाईंनी ओली ब्लँकेटं टाकली. मुलांना बाहेर काढून दोनदा मोजलं. चौदा. चिमणी खोकतेय. डॉक्टर म्हणाले, उतरेल.
बायकोचा उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये आहे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
तिने काल वर्कशॉपला फोन केला होता. तो काकांनी उचलला. त्यांनी काही लपवलं नाही.
काल रात्री मी घरी आलो तर दारातच दोन बादल्या होत्या. प्रत्येकीत एक सिलिंडर, तोंड खाली करून. डाव्या हाताने केलं असणार. 
चिमणीने विचारलं, हे उलटे का. बायको म्हणाली, बाबांना विचार. मी सांगितलं, घाईत कुणी उचलू नये म्हणून. चिमणी म्हणाली, मग तू का उचललास.
आज सकाळी मालकांना सगळं सांगितलं. आतापर्यंत लिहिलेली कारणं सांगायची होती. एकही आठवलं नाही. ते उठून दुसऱ्या खोलीत गेले आणि एकेका ग्राहकाला फोन लावू लागले.
मी काकांच्या स्कूटरवर मागे बसलो. यादी माझ्याकडे, कान त्यांचे. संध्याकाळपर्यंत एकोणीस दुकानं झाली. एक सापडला.
चौतीस अजून कुणाच्या तरी भिंतीवर आहेत.