टीव्हीवर बाबा दिसतील

आई,

तुझा आत्ता कुठे डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. हॉस्पिटलातून फोन आला, बाबांचं काही खरं नाही म्हणतात. मी निघतेय. आत एकालाच सोडतात, आणि तुझा पाय प्लास्टरमध्ये.

मोबाइलवर तुला त्यांचा चेहरा नीट दिसत नाही, म्हणून लॅपटॉप टीव्हीला जोडून ठेवलाय. काळी केबल दोन्हीकडून घट्ट बसवलीय, तिला हात लावू नकोस. टीव्ही सुरू केलास की आधी 'सिग्नल नाही' असं येईल. घाबरू नकोस. रिमोटवर ज्या बटणाला मी लाल टिकली चिकटवलीय ते दाब आणि 'एचडीएमआय दोन' निवड. मी पोचले की व्हिडिओ कॉल करेन. शेजारच्या काकूंना किल्ली दिलीय, त्या येऊन उचलतील. उगाच खुर्चीतून उठायला जाऊ नकोस.

काल तोंडावरचा मास्क बाजूला करून बाबांनी दादाचं नाव घेतलं. "त्याला घराबाहेर काढायला नको होतं," एवढंच म्हणाले. मी दादाला कळवलंय. तोही कॉलवर असेल, कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात.

दादा गेल्यापासून तू बाबांशी धड बोललेली नाहीस. आता ते उत्तर देऊ शकणार नाहीत, पण नर्स म्हणाल्या, त्यांना ऐकू येतं. भांडायचं असेल तर भांड, रडायचं असेल तर रड. फक्त गप्प बसू नकोस.

धाकटी