भरीव चकतीचं गणित

प्रिय दादा,

तुझं पत्र पोचलं. बाबांचं हगणं-मुतणं मी एकटी काढते म्हणून तू मला देवमाणूस ठरवून मोकळा झालास. वाचून आधी हसू आलं, मग जेवण जाईना.

तब्येत म्हणशील तर त्यांची उजवी बाजू अजून लुळीच आहे. जीभ जड झालीय, पण समजतं सगळं. डोकं शाबूत आहे, हे मी खात्रीने सांगते, कारण रोज सकाळी मी ते तपासते.

ते फिरतं स्टूल तू विसरला नसशीलच. तू अकरावीत, मी नववीत. भौतिकशास्त्राच्या मास्तरांचाच मुलगा त्याच विषयात नापास झालेला, बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबलेल्या. तुझ्या दोन्ही हातांत लोखंडी वजनं देऊन ते हात पसरायला लावायचे आणि स्टूल गरागरा फिरवायचे. "आता हात आत घे. वेग का वाढला? बोल, ठोंब्या!" तुला सांगता यायचं नाही, की पुन्हा गिरकी. त्या दिवशी तू अंगभर ओकलास तरी ते थांबले नाहीत. आई आत भांडी घासत राहिली.

मला उत्तर येत होतं. वजन आसाजवळ आलं, कोनीय संवेग तर तेवढाच राहतो, मग वेग वाढणारच. तुझ्या कानाशी पुटपुटता आलं असतं. नाही पुटपुटले. तू स्टुलावर होतास तोवर त्यावर मी नव्हते, दादा. आणि खरं सांगू? तू कोसळल्यावर बाबांनी मला विचारलं, मी घडाघडा सांगितलं, त्यांनी पाठीवर हात ठेवला, तेव्हा मला फार बरं वाटलं. महिन्याभरात तू घर सोडलंस.

आता मी त्यांच्या मांडीवर कागद लावलेली फळी ठेवते, डाव्या हातात पेन्सिल देते. भरीव चकती एक मीटर वीस सेंटिमीटर उंचीवरून उतारावर न घसरता गडगडत आली, तर तळाशी वेग किती? उत्तर येईपर्यंत चहा नाही. कप समोरच निवत असतो. दरवेळी ते सगळी ऊर्जा पुढे जाण्यात घालतात, चकतीच्या फिरण्यासाठी काही शिल्लकच ठेवत नाहीत. मी विचारते, "मास्तर, फिरण्याची ऊर्जा कुणी खाल्ली?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं. मी ते पुसते आणि नवा कागद लावते.

काल दीड तास लागला. अक्षर मुंग्यांसारखं, पण प्रत्येक पायरी बरोबर. शेवटी लिहिलं, सेकंदाला चार मीटर. पेन्सिल टाकून ते माझ्याकडे बघून अर्ध्या तोंडाने हसले. मी दोनदा तपासलं. बरोबर होतं. मी म्हणाले, "चुकलं, बाबा," आणि चहा मोरीत ओतला. त्यांनी चाचपडत पेन्सिल शोधली आणि आपलंच बरोबर उत्तर खोडायला घेतलं.

म्हणून लिहितेय. त्यांना माफ कर असं मी म्हणत नाही. त्यांना घेऊन जा. तुझ्याकडे जागा नसेल तर कुठेही ठेव, पण याच आठवड्यात ये. आज मला गजराआधीच जाग आली, आणि पेन्सिलीला टोक करताना मी चक्क गुणगुणत होते.

तुझीच,
धाकटी