बॉनेटवरचं कुंकू

अहो,

आज तुमचा इतका राग आला, की रडूच कोसळलं. भांडायला तुम्ही समोर नाही, म्हणून लिहायला बसलेय.

तुम्ही गेलात तेव्हा आपली जुनी मोटार पडवीत तशीच उभी होती. ॲल्युमिनियमच्या बॉनेटची चीर तुम्ही अर्धी जोडलेली, अर्धी उघडी. भावजी म्हणाले, "वहिनी, भंगारात देऊन टाकू. नुसती खारं वारं खातेय." मी म्हटलं, ती चीर मी जोडणार! आगरातले सगळे शेजारी हसले. हसू दे.

तलासरीचे तुमचे वेल्डर दोस्त रमणभाई रविवारी शिकवायला येतात. पहिल्याच दिवशी म्हणाले, "भाभी, ॲल्युमिनियम लोखंडासारखा लाल नाय होत. काय सांगत नाय, एकदम पाणी होऊन खाली पडते." किती पत्र्यांना भोकं पाडली मी! पण करंट पायाने कमीजास्त करायचा असतो ना, तिथे माझा शिलाई मशीनवरचा पाय कामी आला. तुम्ही बघायला हवं होतं.

तुम्हीही तसेच गेलात. आधी काही दिसलं नाही, काही सांगितलं नाहीत. दुखत होतं तर एकदा तरी बोलायचं हो!

काल दसरा होता. दर दसऱ्याला तुम्ही गाडीला एक तरी जोड घालायचात, म्हणून दरवर्षीसारखी तुमच्या वेल्डिंग मशीनची पूजा केली. बॉनेट उचलून आतून चिरेपाशी खोबरेलाचं बोट फिरवून त्यावर कुंकू टेकवलं. शेजारच्या काकू कुजबुजल्या, आता हिने कशाला कुंकवाला हात लावावा? मी ऐकून सोडून दिलं. आज तिथेच पहिला टाका घातला, तर सगळा काळा!

रमणभाईंनी कपाळावर हात मारला. "भाभी, तेलावर जोड बसते काय? पत्रा एकदम साफ पायजे."

"पण हे तर दर दसऱ्याला माझ्या कुंकवावरच जोडायचे."

"कधीच नाय जमणार ते!"

मग तिथलेच तुमचे जुने जोड पहिल्यांदाच नीट निरखून बघितले. प्रत्येकाशेजारी फिकट कुंकू होतं. पण माझ्या बोटाची टिकली एवढीशी, आणि हे ठसे तर रुंद अंगठ्याचे! म्हणजे माझं कुंकू पुसायचात, जोड घालायचात, आणि मी यायच्या आत परत लावून ठेवायचात? इतकी वर्षं? मला का नाही सांगितलंत? मी काय रुसले असते?

हो, रुसले असते.

काळा टाका घासून काढलाय. येत्या रविवारी पत्रा स्वच्छ पुसून उरलेली चीर जोडीन. मग तुम्ही कबूल केलं होतं तशी ही गाडी सायवनला, माझ्या माहेरी नेईन. रंग फक्त बाहेरून लावीन, आतल्या तुमच्या ठशांना धक्का लागणार नाही. माझा जोड झाला की त्याच्याशेजारीही कुंकू लावीन. अंगठ्याने.

तुमचीच,
सुमन