तक्रार करील त्याची किल्ली

१४ जून

प्रिय भाऊजी,

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण चालवून घेते. जाऊबाईंचा खोकला थांबला का? धाकटी पास झाल्याचं कळलं, तिची पाठ माझ्या वतीने थोपटा.

तुमचा शिपाई निरोप देऊन गेला. युवा केंद्राच्या हॉलला यांचं नाव द्यायचं, शुक्रवारी उद्घाटन, फीत मी कापायची. शेजारीण म्हणाली, "नशीब काढलंत हो!" मला मात्र ते रुचलं नाही. का, ते नीट लिहिते.

परवा त्याच नव्याने रंगवलेल्या हॉलमध्ये तुमची ती सभा झाली, युवकांशी संवादाची. मुलं आली तशी दारातच एकेकाला नगरपालिकेचं चिन्ह असलेला पांढरा टी-शर्ट दिला. अंगातल्या कपड्यांवरच घाला म्हणाले. पोरं खूश. तुम्ही नगराध्यक्ष म्हणून मधे बसलात, फोटो निघाले. मग नगरपालिकेचे अधिकारी माझ्याकडे वळून म्हणाले, "काकू, शर्ट गोळा करायला जरा मदत करता? उद्या दुसऱ्या वॉर्डात सभा आहे."

भाऊजी, ते घामाने ओले शर्ट मी घड्या घालून खोक्यात भरले. उद्या दुसऱ्यांची पोरं तेच घालून हसणार. हात दोनदा साबणाने धुतले, तरी वास जात नाही.

तुम्ही तोवर निघाला होतात, म्हणून पुढचं तुम्हाला माहीत नसेल. मेडिकलच्या दुकानात कामाला असते ती मुलगी, जिला हे कटकट म्हणायचे, ती उठली. म्हणाली, "साहेब, हॉल पाचला बंद होतो. आम्ही सहाला सुटतो. मग हा रंग लावलाय कुणासाठी, कबुतरांसाठी?" सगळे हसले. अधिकारीही हसले. म्हणाले, "छान सूचना आहे, नोंद घेऊ," आणि माईक तुमच्या मेव्हण्याच्या मुलाकडे दिला. तो आता युवा समितीचा अध्यक्ष आहे म्हणे. बाथरूम कुठे आहे, ते त्याने मला विचारलं. इतका त्याला हॉल माहीत!

तुमची योजनेची पुस्तिकाही वाचली. माझी शाळा लवकर सुटली, वाचायची गोडी लागली ती याच हॉलमधल्या शिळ्या वर्तमानपत्रांनी. तेव्हापासून हातात पडेल ते वाचते, पण इतकं गुळगुळीत काही वाचलं नव्हतं. पानापानावर सहभाग, सहभाग. हॉल कधी उघडा असेल, ते कुठेच नाही.

यांना तो शब्द येत नव्हता. नगरपालिकेने त्यांना हॉलचे रखवालदार नेमलं होतं, बाकी सगळं त्यांनी मनाने केलं. कुणी तक्रार केली, की त्याच्या हातात किल्ली. "दिवे नीट नाहीत? घे, आठवडाभर तूच चालव." पहिली किल्ली कुणाला दिली, आठवतं ना? कॅरमच्या सोंगट्या हरवतात म्हणून तुम्ही आकाशपाताळ एक केलं होतंत. त्या आठवड्यात एकही सोंगटी हरवली नाही. हे ती गोष्ट सगळ्यांना सांगायचे. "माझा भाऊ तिथूनच पुढे गेला," म्हणायचे.

आता जे लिहायचं नव्हतं, ते.

गेल्या वर्षी हॉल पाचला बंद करायचा हुकूम आला, तेव्हा हे तुमच्या ऑफिसात आले होते. इस्त्रीचा सदरा घालून. तुम्ही आत होता, आतून तुमचं हसणं ऐकू येत होतं. हे बाहेर बाकावर बसले. ऑफिस बंद व्हायची वेळ झाली, तेव्हा शिपायाने उठवलं. घरी येऊन म्हणाले, "कामात असेल गं. पुन्हा जाईन." सदरा खुंटीला लावला तो पुन्हा घातलाच नाही. त्यानंतर ते घराबाहेर पडले ते दवाखान्यात जायला. मी तुम्हाला दोष देत नाही, दुखणं आधीपासून होतं. पण दिवसकार्याला तुम्ही माझ्यासमोर रडलात, तेव्हाही मला तो बाकच दिसत होता.

ज्यांना आत बोलावलं नाही, त्यांचं नाव आता दारावर नको. मी येणार नाही, फीत कापणार नाही.

आणखी एक. फरशी नवी, पंखे नवे, पण कंत्राटदाराने कुलूप तेच ठेवलंय, वरून नुसता रंग मारलाय. जुनी किल्ली माझ्याकडे होती. काल ती कटकटला दिली. संध्याकाळी मी रस्त्यापलीकडे उभी राहून पाहिलं. खिडक्यांत उजेड होता, आत जोरात भांडण चाललं होतं. घरी येऊन फार दिवसांनी पोटभर जेवले.

तुमची तक्रार असणारच. ऑफिसातून कुणाला पाठवू नका. सहानंतर स्वतः या, आणि सगळ्यांसमोर करा. पुढच्या आठवड्याची किल्ली तुम्हालाच मिळेल. झाडू दाराआड असतो.

तुम्हाला बाहेर बसवणार नाही,
तुमची वहिनी