बंदरापासून बावीस मिनिटं

४ जानेवारी, रविवार

सुदेशचा फोन आलेला. मला नाही — त्याच्या आईला. मी समोर पेपर वाचत होतो. म्हणजे वाचतोय असं दाखवत होतो.

त्याची बोट, पर्यटकांची क्रूझ, १७ तारखेला मुंबईला लागतेय. दुबईहून येणार, एक दिवस थांबणार, पुढे कोचीन. पाहुणे शहर बघायला उतरतात तेव्हा याला थोडी मोकळीक. दहाला सुटणार, दीडला परत बोटीवर हजर. साडेतीन तास! त्यात ठाण्याला, तेही वर्तकनगरला, येऊन परत जाणं जमायचं नाही. म्हणून मायलेकांनी आपापसात ठरवलं — आपण सीएसएमटीला जायचं, तो बंदरातून तिथे येणार.

"तुम्ही पण यायचंय," मालन म्हणाली.

"माझं काय काम तिथे?"

दोन वर्षं झाली. डेपोत माझ्या शब्दावर लागला होता, कंत्राटी का होईना. सहा महिन्यांत सोडलं आणि बोटीवर भांडी घासायला गेला. मी म्हटलेलं, जा, परत तोंड दाखवू नकोस. आयुष्यात माझं एवढं एकच ऐकलं त्याने!

५ जानेवारी, सोमवार

डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मालनचा उजवा डोळा साखरेपायी गेल्या वर्षीच गेला. आता डाव्याचाही पडदा सुटत चाललाय. ऑपरेशन २१ ला. मी विचारलं, दिसेल ना नंतर? डॉक्टर म्हणाले, "पन्नास टक्के धरून चाला, काका."

पन्नास टक्के! मी एकतीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर होतो. बस सुटते नाहीतर सुटत नाही. पन्नास टक्के कधी सुटलेली पाहिली नाही.

रिक्षाने परत आलो. सोसायटीच्या गेटपाशी मालन म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी मला पोराला बघायचंय. डोळे भरून. नंतरचं नंतर."

आता मी कसला नाही म्हणतोय.

८ जानेवारी, गुरुवार

आज एकटाच बंदरावर जाऊन आलो. घरी सांगितलं, पेन्शनच्या कामाला जातो.

त्या मठ्ठाला बंदरातून स्टेशनला यायला किती वेळ लागतो ते कुणीतरी बघायला नको? तो टॅक्सीवाल्याच्या तावडीत सापडणार, फिरत बसणार, आई तिथे ताटकळणार. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "आत नाही सोडत, बाबा. बोटीपासून इथपर्यंत आतली गाडी आणून सोडते." ठीक. तिथून पुढे माझा प्रांत.

गेट ते बसस्टॉप ४ मिनिटं. बसची वाट — तीनदा मोजली — जास्तीत जास्त १०. प्रवास ८. एकूण बावीस. मग चालतही गेलो. माझ्या गुडघ्यांनी सव्वीस. तरण्या पोराला एकोणीस लागतील. पण बस आहे तर चालायचं कशाला?

सगळं कागदावर नीट काढलं. स्टॉप कुठल्या बाजूला, सिग्नल किती, उतरल्यावर सबवे कुठला. मालनला म्हटलं, लेकीला, समीक्षाला सांग, फोटो काढून त्याला पाठव. कोणी बनवलं ते सांगायची गरज नाही.

"अक्षर बघून कळणारच की!" ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

११ जानेवारी, रविवार

समीक्षा आलेली, डोंबिवलीहून, मानपाड्याच्या बाजारातल्या भाजीसकट. जेवताना म्हणते, "बाबा, एकदा तुम्ही बोला ना दादाशी. वेळ वगैरे नीट विचारून घ्या. आईला फोनवर निम्मं ऐकू येत नाही."

"दहाला सुटणार, दीडला परत. यात विचारायचं काय? तू मला वेळ शिकवू नकोस."

तोंड पाडून बसली. जरा जास्तच बोललो.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. मालनने गुळाचा पाक करपवला. अर्धे तीळ ओट्यावर. चाळीस वर्षांत असं झालं नाही! मी ओरडलो. शेजारच्या दर्शनाने येऊन लाडू वळून दिले. त्यातले दहा वेगळे बांधून ठेवले, पोरासाठी.

१५ जानेवारी

मालन दिवसभर पडून. डोकं जड आहे म्हणाली. १७ रद्द करूया म्हटलं तर अंगावर आली.

१७ जानेवारी, शनिवार

आजचं लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो. क्रमाने.

पावणेदहाला सीएसएमटीला पोचलो. मालन नवी साडी नेसलेली. गाडीतून उतरताना माझा दंड घट्ट धरलेला, तो सोडेचना. तिचा मोबाइल माझ्या हातात दिला — "तुम्हीच धरा." मी खिशात टाकला.

दहाला सुटला, आतली गाडी दहा मिनिटं, पुढे माझी बावीस. दहा बत्तीसला यायला हवा. अकरा धरा. अकरा वाजले. सव्वाअकरा. साडेअकरा! प्रत्येक पोरगा तोच वाटत होता. मालन विचारायची, "आला का?" नाही. "आला का?" नाही गं! त्याचा फोन बोटीच्या वायफायवरच चालतो, इथे बंद, फोन तरी कुठे करणार. तिचा चेहरा उतरलेला, कपाळावर घाम. साखर उतरली की काय म्हणून त्याच्यासाठी आणलेला लाडू तिला भरवला. आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आला नाही तुझा मुलगा! माझ्यावरचा राग तुझ्यावर काढला त्याने. चल घरी." ती नको नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. ११.४४ ची फास्ट पकडली. जागा मिळाली. ती खिडकीकडे तोंड करून रडत होती आणि मी तिला चूप बस म्हणत होतो. हे मी म्हटलं. लिहून ठेवतो.

गाडी रखडत घाटकोपरच्या अलीकडे आली, तेव्हा तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर. ती म्हणाली, "घ्या तुम्ही."

"हॅलो आई? कुठे आहात? मी स्टेशनवर उभा आहे! चहावाल्याच्या फोनवरून बोलतोय —"

दोन वर्षांनी आवाज ऐकला. मी काय म्हणालो? "किती वाजले तुझ्या घड्याळात?"

"... बाबा?"

"किती वाजले?"

"दहा पन्नास." माझ्या घड्याळात बारा वीस.

बोटीचं घड्याळ! बोट दुबईहून आली, एका दिवसासाठी काटे हलवत नाहीत. सगळी ड्यूटी दुबईच्या वेळेने. त्याचे दहा म्हणजे आपले साडेअकरा. त्याला वाटलं आईला सांगितलंय. सांगितलंही असेल. तिला फोनवर ऐकू येत नाही, आणि मी विचारणार नव्हतो! एकतीस वर्षं टाइमकीपर! एक साधा प्रश्न — कुठल्या घड्याळाने दहा — एवढा विचारला असता तर! अठरा मिनिटांनी चुकवलं त्याला.

"हलू नकोस तिथून," म्हटलं. "आम्ही उलटे येतोय."

घाटकोपरला उतरलो, पूल ओलांडला, मालनला जवळजवळ ओढतच नेलं. एक पाचला परत सीएसएमटी. तो धावत आला. मालन म्हणाली, "किती सुकलास रे!" चांगला गोलमटोल झालाय! आयांना पोरं सुकलेलीच दिसतात. मग तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळ, नाक, कान, हनुवटी. पुन्हा पहिल्यापासून. मला बघवेना.

बाकड्यावर बसलो. ती मधे, आम्ही दोघं दोन बाजूंना. मी लाडवांची पुडी पुढे केली. मग सुदेश म्हणाला, "बाबा, तुमचा कागद बोटीवर सगळ्यांनी मागून घेतला. पाहुणे प्रत्येक बंदरात विचारतात, बसने गावात कसं जायचं? कोणालाच सांगता येत नाही." आता भांडी घासत नाही, जेवण वाढतो. मग मला सांगायला लागला — कुठल्या बंदरात बस थेट बोटीपाशी येते, कुठे तिकीट आधी काढावं लागतं, कुठे ड्रायव्हर एकटाच असतो, कंडक्टरच नाही. मी म्हटलं, मग सुट्टे कोण देतं? तो हसला. मीही. तासभर आम्ही बसवरच बोललो! मालन मधे गप्प. एकदाही म्हणाली नाही की पुरे करा.

त्याचे दीड म्हणजे आपले तीन; दोन वीसला त्याला बसमध्ये बसवून दिलं. पाया पडला. मी पाठीवर थाप मारली. सॉरी म्हणणार होतो, तेवढ्यात बस सुटली.

१८ जानेवारी

सुदेशला मेसेज केला — वेळेत पोचलास का? उत्तर आलं — "सहा मिनिटं आधी." बरं वाटलं.

पण मालनला काय मिळालं? साडेतीन तासांतला सव्वा तास. बाकीचा माझ्या माजाने खाल्ला. तरी पाहिला तिने पोरगा, डोळे भरून. हेच मनाला सांगतोय.

२१ जानेवारी, बुधवार

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी डोळा तपासला. मला बाहेर बोलावलं. आत रक्त उतरलंय, आठवडा तरी झाला, म्हणाले. "काका, यांना तेव्हापासून काहीच दिसत नसणार. लगेच का नाही आणलंत?"

आठवडा. म्हणजे संक्रांत.

आत गेलो. स्ट्रेचरवर पडलेली. विचारलं, का नाही बोललीस?

"बोलले असते तर तुम्ही मला इथे आणून टाकलं असतं. स्टेशनवर कोण गेलं असतं?"

"अगं पण तो दिसलाच नाही ना तुला!"

"त्याचा चेहरा मला पाठ आहे हो," म्हणाली. "तुम्ही दोघं बोलताना ऐकायचं होतं."